माती कशाची घडते ?

उंबरठा ओलांडून घरांत आली कीं तिला केर म्हणतात. तीच तुळशीवृंदावनांत राहिली कीं तिला हळदकुंकू वाहतात. श्रावणांत तिचे बैल होतात, भाद्रपदांत तिची गणेशमूर्ति होते, आणि पोळीचा गहूं, भाकरीची ज्वारी व आमटीची डाळ वर्षभर तीच पुरविते. इतक्या निकटच्या या वस्तूविषयीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत सहसा कोणी प्रश्न विचारीत नाहीं. माती ती माती, तींत जाणण्यासारखें काय आहे, असाच एकंदर समज दिसतो. शेतकऱ्याचा समज मात्र तसा नाहीं. त्याच्या बोलण्यांत काळी, तांबडी, मुरमाड, बरड, चुनखडीची, मळईची, खारवट, चोपण अशीं मातीचीं कितीतरी नांवें येतात, आणि प्रत्येक नांवाबरोबर कोणतें पीक घ्यावें, केव्हां पेरावें व पाणी किती द्यावें याचा एक निर्णय बांधलेला असतो. हा निर्णय चुकला म्हणजे काय होतें, याचें एक मोठें उदाहरण पुणें जिल्ह्यांत नीरेच्या खोऱ्यांत घडलेलें आहे. तें या भाषणाच्या शेवटीं येईल. तें नीट कळावें यासाठीं माती कशाची घडते आणि ती सर्वत्र एकसारखी कां नसते, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पहिला प्रश्न असा कीं, माती झाडाला देते तरी काय ? सतराव्या शतकांत ब्रुसेल्स शहरीं व्हान हेल्मोंट या नांवाचा एक रसायनवेत्ता होऊन गेला. त्यानें एका मोठ्या कुंडींत भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती घातली, तींत वाळुंजाच्या कुळांतील ५ पौंड वजनाचें एक रोप लावलें, आणि ५ वर्षें त्याला केवळ पाणी घातलें. शेवटीं झाडाचें वजन १६९ पौंडांहून थोडें अधिक भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली तेव्हां तिच्यांत अवघी २ औंसांच्या सुमाराची तूट आढळली. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं हा प्रयोग छापून प्रसिद्ध झाला. झाड हें पाण्याचेंच बनतें, असें अनुमान त्यानें काढलें होतें. तें अपुरें होतें; झाडाच्या देहाचा मोठा भाग पाणी आणि हवेंतील कर्बाम्ल वायु यांपासून सूर्यप्रकाशाच्या साह्यानें बनतो, हें पुढें सिद्ध झालें. परंतु जे दोन औंस व्हान हेल्मोंटनें सोडून दिले, त्यांतच मातीचें अर्धें मर्म होतें. स्फुरद, पालाश, चुना, गंधक, लोह, जस्त, आणि तसेंच नत्र, हे पदार्थ झाडाला थोडेच लागतात; पण त्यांच्यावांचून त्याचें एक पानही नीट वाढत नाहीं, आणि मुळांना ते मातींतूनच मिळतात. उरलेलें अर्धें मर्म हें कीं, झाडाला उभें राहण्यास आधार देऊन पाणी आणि हवा या दोन्ही वस्तु माती मुळांपाशीं एकाच वेळीं धरून ठेवते. नुसत्या खडकावर पाणी टिकत नाहीं. तळ्यांत हवा पुरत नाहीं. मातींत हीं दोन्ही शेजारीं शेजारीं नांदतात.

हें कसें घडतें तें घरच्या घरीं पाहतां येण्यासारखें आहे. ज्यांच्या घरीं अंगण किंवा कुंडी असेल, त्या श्रोत्यांनीं कांचेची एक उभट बरणी घ्यावी. तिच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत माती घालावी, वर पाणी भरावें, झांकण घट्ट लावून बरणी चांगली हालवावी आणि खिडकींत स्थिर ठेवून द्यावी. पाणी ओततांनाच मातींतून बुडबुडे निघतील. ती कणांच्या मधल्या जागेंतील हवा होय. बरणी स्थिर झाल्यावर पहिल्या एकदोन मिनिटांतच तळाशीं एक भरड थर बसेल, ती वाळू. त्यावर कांहीं तासांनीं एक मऊ थर जमेल; तो पोयटा. वरचें पाणी मात्र दुसऱ्या दिवशींही बहुधा गढूळच असेल. त्यांत तरंगत राहिलेली ती चिकणमाती. आणि पाण्याच्या पृष्ठभागावर जो काळसर कचरा, पानांचे व मुळांचे तुकडे दिसतील, तो मातीचा सेंद्रिय भाग होय.

पिकाला मानवणाऱ्या भुसभुशीत मातीचें घनफळ शंभर भाग धरलें, तर सुमारें ४५ भाग खडकाचा चुरा आणि सुमारें ५ भाग सेंद्रिय पदार्थ असतात. बाकीचे ५० भाग ही रिकामी जागा असते, आणि अनुकूल स्थितींत तींतील निम्मी पाण्यानें व निम्मी हवेनें भरलेली असते. म्हणजे ज्या भूमीला आपण घट्ट व भरीव समजतों, ती चांगली असेल तर अर्धी पोकळच असते. हें प्रमाण आदर्श मातीचें आहे. उष्ण व कोरड्या प्रदेशांत पालापाचोळा लवकर जळून जातो. म्हणून दक्षिणेच्या पठारावर सेंद्रिय भाग याहून पुष्कळच कमी आढळतो.

खडकाच्या चुऱ्यांतील कणांचा आकार ही मातीच्या स्वभावाची पहिली किल्ली होय. आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणें २ मिलिमीटरपासून ०·०२ मिलिमीटरपर्यंतच्या कणांना वाळू, तेथून ०·००२ मिलिमीटरपर्यंतच्या कणांना पोयटा आणि त्याहूनही बारीक कणांना चिकणमाती म्हणतात. स्वयंपाकघरांतील भरडा, रवा आणि मैदा यांचें जें नातें, तेंच थोड्याफार फरकानें येथें आहे. भरड्यांतून पाणी झटकन निघून जातें. मैद्याचा मात्र पाण्याशीं गोळा होतो आणि तो तें सहजीं सोडीत नाहीं. वालुकामय माती हलकी, लवकर तापणारी, लवकर सुकणारी असते. तिच्यांत हवा खेळते, पण पाणी व खत दोन्हीं ठरत नाहींत. चिकणमाती पाणी व खत दोन्हीं धरून ठेवते, पण मुळांना हवा मिळूं देण्यांत कृपण असते. ज्या मातींत तिन्ही प्रकारच्या कणांचा मेळ बसलेला असतो, ती बागाइताला उत्तम. चिमूटभर ओली माती दोन बोटांत चोळावी : ती खरखरीत लागली तर वाळूची, पिठासारखी मऊ लागली तर पोयट्याची, आणि चिकटून तिची लांब वळी वळतां आली तर चिकणमातीची होय. कुंभार आणि शेतकरी हे दोघेही प्रयोगशाळेवांचून हीच परीक्षा करीत आले आहेत.

चिकणमातीचे कण केवळ बारीक नसतात. त्यांची रचनाही वेगळी असते. वाळूचा कण म्हणजे ठोस खडा. चिकणमातीचा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चवड. कांहीं जातींत हे पापुद्रे एकमेकांस पक्के चिकटलेले असतात; त्यांच्यामध्यें पाणी शिरत नाहीं. काओलिनाइट ही अशी जात आहे. मॉन्टमोरिलोनाइट या दुसऱ्या जातींत पापुद्रे सैल असतात. त्यांच्यामध्यें पाणी शिरलें कीं चवड फुगते आणि पाणी निघून गेलें कीं ती बसते. या दुसऱ्या जातीच्या एका ग्रॅम मातींतील सर्व पापुद्र्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो सातशें-आठशें चौरस मीटरपर्यंत भरतो. चुना, पालाश, मॅग्नेशियम वगैरे द्रव्यें या विस्तीर्ण पृष्ठभागावर धरून ठेवलेलीं असतात आणि मुळें तीं गरजेप्रमाणें उचलतात. पठारावरील काळी आणि कोंकणांतील तांबडी यांच्या वागणुकींत जो भेद दिसतो, त्याचें बरेंचसें कारण या दोन जातींच्या भेदांत आहे.

मात्र खडकाचा चुरा कितीही बारीक केला तरी त्याची माती होत नाहीं. गिरणींत दळलेला दगड हा पीठच राहतो. त्याची माती होण्यास सजीवांचा हात लागावा लागतो. झाडाचीं पानें, मुळें, शेण, मेलेले किडे हे सर्व जमिनींत पडतात. बुरशी व सूक्ष्म जंतु त्यांना कुजवितात. आणि शेवटीं जो काळसर, ओलावा धरणारा, कणांना कण जोडणारा पदार्थ उरतो त्याला ह्यूमस म्हणतात. चमचाभर सुपीक मातींत या जंतूंची संख्या अब्जाच्या घरांत जाते. पहिल्या पावसानंतर जो सुवास सुटतो, त्यांतील एक मुख्य द्रव्य मातींतील असे जंतुच तयार करीत असतात. आणि क्षयरोगावरचें स्ट्रेप्टोमायसिन हें औषध १९४३ सालीं अमेरिकेंत सापडलें तेंही मातींतल्याच एका जंतूपासून. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर बारीक गांठी दिसतात. त्या गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र बांधून झाडाला देतात, हें जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यानें १८८६ सालीं दाखवून दिलें. ज्वारीच्या पाभरींत तुरीचे तास सोडण्याची रीत मात्र त्याच्या फार पूर्वीपासूनची आहे.

या सजीवांपैकीं गांडूळ हें सर्वांत दुर्लक्षिलेलें. चार्लस डार्विन यानें आयुष्याच्या अखेरीस, १८८१ सालीं, गांडुळांवर एक संबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरीं दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरांतून जाऊन पृष्ठभागावर येते, असा हिशेब त्यानें त्यांत मांडला. माणसाच्या नांगराच्या कितीतरी आधीं गांडुळांनीं जमीन नांगरली होती आणि अजूनही तीं ती नांगरीत आहेत, असा त्या ग्रंथाचा आशय आहे.

आतां ही माती खडकापासून होते तरी कशी ? घाटांत रस्त्यासाठीं डोंगर कापलेला असतो तेथें हें पुस्तकाच्या पानासारखें वाचतां येतें. सर्वांत खालीं अभेद्य काळा फत्तर. त्याच्यावर भेगा पडलेला खडक. त्याचे गोळे कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्यांनीं सुटत असतात. त्यावर हातानें फुटणारा मुरूम. मुरमावर मातीचा उजळ थर, आणि सर्वांत वर वीतभर गडद, मुळांनीं भरलेली माती. ऊन-थंडीनें खडक तडकतो. पावसाचें पाणी हवेंतील व मुळांपाशींचा कर्बाम्ल वायु घेऊन किंचित् आंबट होतें व त्या फटींतून शिरतें. खडकांतील चुना, मॅग्नेशियम, सोडियम यांना तें विरघळवून नेतें. लोखंडाला गंज चढतो. आणि खडकांतील जीं खनिजें उरतात त्यांची चिकणमाती बनते. हें काम इतकें मंद आहे कीं, इंचभर माती तयार होण्यास शेंकडों वर्षें, कठीण खडकावर त्याहूनही अधिक काळ लागतो. उलट, उघड्या उतारावर पडलेल्या जोराच्या एकदोन वळिवांत ती वाहून जाऊं शकते.

एकाच रीतीनें घडणारी माती मग ठिकठिकाणीं निराळी कां ? रशियन शास्त्रज्ञ डोकुचायेव यानें आपल्या देशांतील काळ्या मातीवरचा ग्रंथ १८८३ सालीं प्रसिद्ध केला. माती म्हणजे केवळ खडकाचा भुगा नव्हे. मूळ खडक, हवामान, सजीव सृष्टि, जमिनीचा चढउतार आणि काळ या पांचांच्या संयोगानें ती घडते, असें त्याचें प्रतिपादन होतें. मृदाशास्त्राचा पाया याच विचारावर उभा आहे, आणि त्याचा पडताळा पाहण्यास महाराष्ट्रासारखा प्रदेश शोधून सांपडणार नाहीं.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखालीं एकच खडक आहे. सुमारें ६·६ कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या भेगांतून वारंवार लाव्हारस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्या थरांनीं आजही सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिलेला आहे. या काळ्या फत्तरांत, म्हणजे बेसाल्टांत, लोह, चुना आणि मॅग्नेशियम भरपूर असतात. खडक एकच, आतां पाऊस तेवढा बदलूं द्यावा. महाबळेश्वरीं वर्षाला साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून वीस किलोमीटरांच्या आंत असलेल्या पांचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, घाट उतरून वाईला त्याहून कमी, आणि पूर्वेकडे सोलापुरास सातशें मिलिमीटरांच्या सुमारास. जेथें पावसाचा मारा प्रचंड, तेथें चुना, मॅग्नेशियम आणि कालांतरानें सिकताही धुऊन जाते. उरतात लोह आणि अॅल्युमिनियम यांचे गंज. हाच जांभा. महाबळेश्वराच्या माथ्यावरचा तांबडा दगड व माती हीं अशींच झालेलीं आहेत. जेथें पाऊस बेताचा, तेथें चुना वाहून न जातां खालच्या थरांत चुनखडीच्या खड्यांच्या रूपानें साठून राहतो, आणि फुगणारी चिकणमाती तयार होते. हीच काळी. एका आईचीं दोन लेंकरें निरनिराळ्या घरीं वाढावीं, तसा हा प्रकार आहे.

कोंकणांतील जांभ्याला शास्त्रीय नांव दिलें तें फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज अमदानींतील अधिकाऱ्यानें. मलबारांत हा दगड विटांसारखा कापून घरें बांधतात हें त्यानें पाहिलें, आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांत लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' म्हटलें. रत्नागिरीकडे व गोव्यांत जांभ्याचे चिरे आजही घरांना लागतात; जमिनींतून काढतांना ते मऊ असतात आणि हवा लागली कीं कठीण होतात. या मातींत पाणी झरझर निघून जातें, चुना थोडा असतो, व ती आम्ल असते. म्हणून तेथील शेतकरी सखल खाचरांत भात घेतो, रोपांच्या जागेवर राब भाजून तिला राखेची जोड देतो, आणि उतारावरच्या वरकस जमिनींत नाचणी-वरी पेरतो. उघड्या कातळावर तर खड्डा फोडून त्यांत बाहेरची माती भरून आंब्याचें कलम लावावें लागतें. बाजारांत हापूसची पेटी घेतांना या परक्या मातीच्या पाटीचा हिशेब कोणाच्या मनांत येत नाहीं.

पठारावरील काळीचा स्वभाव याच्या अगदीं उलट. वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. पावसाळ्यांत भेगा मिटतात व खालची माती वर ढकलली जाते. म्हणून काळी स्वतःच आपली नांगरट करते, असें म्हणतात. मृदाशास्त्रानें या मातीला 'व्हर्टिसोल' हें नांव दिलें आहे. त्याच्या मुळाशीं उलटणें या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. भाद्रपद-आश्विनांतील पाऊस ती पोटांत साठवून ठेवते, आणि त्या ओलीवर सोलापूरकडची रब्बी ज्वारी पुढें फारसा पाऊस न पडतांही कणसावर येते. हिच्या काळेपणावरून हिच्यांत ह्यूमस फार असावा असें वाटतें. पण रंग येथें फसवितो. रशियाची काळी माती गवताळ रानांतील ह्यूमसनें काळी झाली आहे. दक्षिणेच्या काळींत सेंद्रिय कर्ब बहुधा शेंकडा एकाहूनही कमी असतो. जो थोडा आहे तो चिकणमातीला घट्ट बिलगलेला असतो, एवढेंच. तिला शेणखत नको असें समजणें म्हणजे उपाशी माणसाला त्याच्या सांवळ्या रंगावरून पुष्ट समजण्यासारखें आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पूर्वेकडील भागांत खडकच बदलतो. तेथें काळ्या फत्तराऐवजीं त्याहून फार जुने ग्रॅनाइटासारखे खडक आहेत. त्यांतील गारगोटी विरघळत नाहीं, म्हणून माती पिवळसर-तांबूस व वाळूमिश्रित होते. तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडीं कन्हार, मोरंड, खरडी, सिहार अशीं मातीचीं निराळींच नांवें आहेत, आणि भातासाठीं पाणी तलावांत साठवावें लागतें. तापीच्या खोऱ्यांत नदीनें आणून टाकलेल्या गाळाचे खोल थर आहेत. खानदेशची केळी त्यांवर पोसते. डॉ. लेदर या सरकारी कृषिरसायनज्ञानें १८९८ सालीं हिंदुस्थानच्या मातींचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार मोठे वर्ग मांडले. आज वर्ग पुष्कळ वाढले आहेत, तरी हे चार अजून ओळखीचेच राहिले आहेत. आणि इतकें दूर जावयासही नको. एकाच गांवांत टेकडीच्या माथ्यावर वीतभर मुरमाड, उतारावर हातभर मध्यम, आणि ओढ्याकांठीं पुरुषभर खोल काळी आढळते. कारण माथ्याची माती पाणी शतकानुशतकें खालीं उतरवीत असतें.

आतां नीरेच्या खोऱ्याकडे वळावयाचें. पुरंदर, बारामती, इंदापूर या बाजूचा मुलूख अवर्षणाचा. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि या कोरड्या मुलखांत बारमाही पाणी खेळूं लागलें. ज्वारी-बाजरीच्या जागीं ऊंस आला, गुऱ्हाळें लागलीं. लोकांनीं आनंद मानला तो योग्यच होता. परंतु त्याच पाण्याखालीं सखल भागांतील खोल काळ्या जमिनी एकामागून एक बिघडूं लागल्या. उन्हाळ्यांत त्यांवर पांढरा थर दिसे, पेरलेलें उगवेना, आणि जेथें शेतकऱ्यानें खत व पाणी सर्वांत अधिक घातलें होतें, तेथें जमीन उघडी पडे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं या खारवट जमिनींचा अभ्यास केला, आणि १९१० सालीं त्याचें वृत्त सरकारी शेतकी खात्यानें प्रसिद्ध केलें. कालवा सुरू होऊन तेव्हां अवघीं पंचवीस वर्षें झालीं होतीं.

असें कां झालें, याचें उत्तर घरांतल्या पाण्याच्या माठावर लिहिलेलें आहे. जुन्या माठाच्या बाहेरच्या अंगावर पांढरी पूड जमते. पाणी मातीच्या अंगांतून पाझरतें, वाऱ्यानें उडून जातें, आणि त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. शेतांतही हेंच झालें. वरच्या मुरमाड जमिनींना दिलेलें पाणी खालच्या अंगाला झिरपत आलें. काळी चिकण, त्यामुळें तें निघून जाण्यास वाट नाहीं. जमिनीच्या पोटांतील पाणी चढत चढत मुळांपर्यंत आलें. तेथून उन्हानें तें वर ओढलें गेलें आणि क्षार पृष्ठभागावर सोडून गेलें. त्या क्षारांत सोडियम वाढलें म्हणजे आणखी एक अनर्थ होतो. चुना चिकणमातीच्या कणांना एकत्र बांधून त्यांचे रवे करतो. सोडियम ते रवे मोडून टाकतें. जमीन ओली असतां चिखल, वाळली असतां दगड. तींत हवा शिरत नाहीं आणि पाणी मुरत नाहीं. हीच चोपण. मुरमाड जमिनीला जें पाणी अमृत होतें, तेंच काळीला विष झालें. दोष पाण्याचा नव्हता, मातीचाही नव्हता. या मातीला निचऱ्याची वाट आधीं करून दिली पाहिजे, ही गोष्ट मागाहून लक्षांत आली.

अशा जमिनी सुधारतां येत नाहींत असें नाहीं. खोल चर खणून पाणी काढून द्यावें, जिप्सम घालून सोडियमच्या जागीं चुना आणावा, ताग किंवा धैंचा पेरून तो हिरवा असतांनाच गाडावा, आणि पाणी मोजून द्यावें, हे उपाय सिद्ध आहेत. पण ते खर्चाचे व वर्षानुवर्षांचे आहेत. कृष्णेच्या खोऱ्यांत सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या पट्ट्यांतही हेंच दुखणें पुढें दिसून आलें, यावरून एका खोऱ्याचा धडा दुसऱ्या खोऱ्याला आपोआप मिळत नाहीं असें म्हणावें लागतें.

बिघडलेली माती निदान जागेवर तरी राहते. वाहून गेलेली परत येत नाहीं. उतारावरची माती अडविण्यासाठीं समपातळींत बांध घालण्याचा कायदा मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं झाला, आणि सोलापूर-विजापूरकडच्या दुष्काळी मुलखांत अशा बांधांचें काम मोठ्या प्रमाणावर झालें. मात्र मातीचा एक नाश असा आहे कीं, त्यावर बांध चालत नाहीं. शहरें बहुधा नदीकांठच्या सपाट जागीं वसतात, व वाढतात तींही त्याच बाजूनें. म्हणून नव्या घराच्या पायाखालीं जाते ती पुष्कळदां त्या भागांतली उत्तम जमीन असते. पाया खणतांना वरची वीतभर गडद माती दगडधोंड्यांबरोबर गाडींत भरून कोठल्यातरी खड्ड्यांत टाकली जाते. सहस्र वर्षांची ती कमाई असूं शकते, आणि तिची नोंद कोणत्याही खर्चाच्या वहींत होत नाहीं.

शहरांतल्या घराला या बाबतींत करण्यासारखें अगदींच कांहीं नाहीं असें नव्हे. बांधकाम निघालें तर वरचा थर निराळा काढून बागेसाठीं राखून ठेवतां येतो. भाजीचीं देंठें, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि वाळलेलीं पानें हीं एका सच्छिद्र मडक्यांत साठवून कुजूं दिलीं, तर दोनतीन महिन्यांत त्यांचा तोच काळसर पदार्थ होतो, ज्यावांचून खडकाचा चुरा हा चुराच राहतो. कुंडींतील रोप सुकूं लागलें कीं पाण्याचा तांब्या ओतण्यापूर्वीं बोट घालून आंतली ओल पाहावी, आणि तळाचें भोंक बुजलें नाहीं ना हें पाहावें. नीरेच्या खोऱ्यांत जें मोठ्या प्रमाणावर चुकलें, तेंच खिडकींतल्या कुंडींत लहान प्रमाणावर रोज चुकत असतें.

खिडकींत ठेवलेली ती बरणी दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहावी. वाळूचा थर केवढा बसला, पोयट्याचा केवढा, आणि पाणी अजून किती गढूळ आहे, हें घरांतल्या मुलांकडून पट्टीनें मोजवून घ्यावें. शेजारच्या अंगणांतली, गांवाहून येणाऱ्या पाहुण्याकडून मागविलेली, नदीकांठची अशी निरनिराळी माती तशाच बरण्यांत घालून त्या ओळीनें मांडाव्या. कोणत्याही दोन बरण्यांतील थर एकसारखे बसलेले दिसणार नाहींत. ज्या मुलानें ती ओळ एकदां नीट पाहिली, तें पुढें कोणत्याही शेताला किंवा बागेला पाणी देण्यापूर्वीं तिथली माती कोणती, हें आधीं विचारील.